चिंचोक्यांचा डाव पुन्हा का मांडला



आज आम्ही खेळाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. कापूस वेचणीला आलाय, टोळ्या निघायची वेळ जवळ आलीय आणि ह्या बाया डाव मांडून बसल्यात, असं आमच्या घरच्यांनी म्हणून झालंय. तुम्ही आता ऐका.

दोन वर्षांमागं आमच्या गटाच्या बैठकीला शहरातून प्रशिक्षणाच्या ताई आल्या होत्या. त्यांनी एक मोठं खोकं आणलं. त्यात रंगीत पट, फासे आणि चिठ्ठ्यांची ही एवढी गड्डी. खेळ सोंगाचा होता. एकीनं सरपंच व्हायचं, एकीनं ग्रामसेवक, एकीनं पाण्यासाठी भांडणारी बाई. कल्पना चांगली होती. पण सरपंचानं काय बोलायचं ते चिठ्ठीवर छापलेलं, भांडणाऱ्या बाईनं काय बोलायचं तेही छापलेलं, आणि बरोबर उत्तर मागच्या बाजूला. वाचता येणाऱ्या दोघी-तिघीच खेळल्या. बाकीच्या पदर सावरत बसल्या. दोनदा खेळलो. मग खोकं गटाच्या पेटीत गेलं. फासे पोरांनी पळवले.

मागच्या वर्षी पंचमीला पोरी माहेरी आल्या. झोके झाले, फुगड्या झाल्या आणि पावसानं सगळ्यांना ओसरीवर आणलं. तिथं आमच्या आक्कांनी कोळशानं फरशीवर पाच बाय पाच पंचवीस घरं आखली. चल्लस-आठ! आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या सगळ्या बायांना हा डाव येतो. चार चिंचोके एका बाजूनं घासलेले. चारी पांढरे पडले तर चल्लस, म्हणजे चार. चारी काळे पडले तर आठ. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही, बाकी कुठंही मरते. मधल्या घरात पोचायचं.

खेळता खेळता एक वहिनी म्हणाली, "ही माझी सोंगटी म्हणजे आमचा कोयता. आता निघाला कोल्हापूरकडं." सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "मग मी मुकादम." तिनं नवऱ्याचा टावेल डोक्याला गुंडाळला. तिथून पुढं आमचा डाव बदलला.

बाहेरच्या कडेची सोळा घरं म्हणजे आमचा हंगाम झाला. एका घरात उचल, एकात कोपी उभी करायची, एकात रात्री दोनला गाडी भरायची, एकात खाडा, एकात दवाखाना. चार फुल्या म्हणजे माहेर. मधलं घर म्हणजे हिशेब फिटून गावी परत. ज्या घरात सोंगटी जाईल तिथलं सोंग वठवायचं. समोरची मुकादम होईल, स्लिपबॉय होईल, डॉक्टर होईल. चिठ्ठी नाही. काय बोलायचं ते आपलं आपण. बोलणं पटलं तर सोंगटी पुढं, नाही पटलं तर तिथंच. आणि खाडा पडला तर मागं.

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या बुडालो. एकीची सोंगटी मधल्या घरात पोचली नाही. उचल अंगावर तशीच राहिली, म्हणजे पुढच्या साली त्याच मुकादमाकडं पुन्हा जाणं आलं. आम्ही हसत होतो. पण आमच्यातली एक उठून आत गेली, चुलीपाशी बसली. तिला आणायला गेलो तर म्हणाली, "मी हा डाव तीन वर्षं खेळलेय." त्यानंतर हसणं कमी झालं, खेळणं वाढलं.

दवाखान्याच्या घराचं सांगतो. २०१९ साली विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आपल्या जिल्ह्याचा आकडा आला. तपासणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. आकडा आम्हाला नवा नव्हता, माणसं आमच्याच घरातली होती. तर डावात डॉक्टर झालेली बाई म्हणाली, "पिशवी काढून टाका." आणि आमच्यातल्या पहिल्या चौघीही म्हणाल्या, "बरं डॉक्टर." चौघीही! खेळात, ओसरीवर, चिंचोके हातात असताना. पाचवीनं जरा थांबून विचारलं, "दुसरा इलाज काय आहे? कागदावर लिहून द्या, बीडला दुसऱ्यांना दाखवते." डॉक्टर झालेली बाई गडबडली. तिच्याकडं चिठ्ठी कुठं होती? तिला खरंच विचार करून उत्तर द्यावं लागलं.

आम्हाला वाटत होतं, नवं खोकं ठेवून जुन्यावर जाणं हा आमचाच अडाणीपणा. पण आमच्या एका मावशीचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तो दिवाळीला आला होता. तो म्हणाला, अमेरिकेतही हेच चाललंय. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा सोंगाचा खेळ काढला. छोट्या पेटीत तीन पातळ पुस्तिका, आणि पहिल्यांदा हजारच पेट्या. भुयारात शिरायचं, खजिना शोधायचा. एकजण खेळ चालवतो, बाकीचे आपण काय करतो ते तोंडानं सांगतात. खेळ वाढला तशी पुस्तकं जाड झाली. प्रत्येक गोष्टीला नियम, प्रत्येक वाराला गणित. आणि २००६ च्या सुमारास काही जणांनी जुन्या नियमांच्या पुस्तिका पुन्हा नव्यानं काढल्या.

का, असं आम्ही विचारलं. तो म्हणाला, जुन्या डावात नियम थोडे असतात, म्हणून नवा माणूस घटकाभरात बसतो. पुढं खड्डा आहे का हे पुस्तक सांगत नाही, तुम्हीच काठीनं जमीन ठोकून बघायची. आणि तुमचं सोंग मरू शकतं, म्हणून दिसेल त्याच्याशी भांडत सुटायचं नसतं. आधी बोलायचं, सौदा करायचा, नाहीतर गुपचूप मागं फिरायचं. आमच्या आक्का म्हणाल्या, "हे तर मुकादमाशी बोलण्यासारखंच झालं की."

सापशिडीही जुनीच, मग ती का नाही, असं कुणी विचारेल. तिचं मूळ आपला मोक्षपट, ज्ञानेश्वर माउलींच्या नावानं सांगतात. पण तिथं एकच सोंगटी आणि दान पडेल तसं जायचं. आपण ठरवायचं काहीच नाही. चल्लस-आठमध्ये दान नशिबाचं, पण चारांतली कुठली सोंगटी हलवायची ते आपलं. आम्हाला तेवढीच जागा पुरते.

जुनं म्हणून सगळं गोड नाही हो. भातुकलीत पोरीनं भाकरी थापायची आणि पोरानं ऑफिसातून यायचं, त्या जुन्याकडं आम्हाला जायचं नाही. आणि छापलेला नियम नसला की डाव चालवणारीवर सगळं येतं. एकदा सासूबाई डाव चालवायला बसल्या आणि त्यांची सून पूर्ण दुपार "हो, हो" करत राहिली. तेव्हापासून नात्यातलीनं नात्यातलीचा निवाडा करायचा नाही, आणि डाव चालवणारी दर खेपेला नवी, एवढे दोन नियम आम्ही घातले. त्या खोक्यातली हेल्पलाइनचे नंबर असलेली चिठ्ठीही आम्ही भिंतीला लावलीय. ती कामाची आहे.

आता मागच्या वर्षीचं. गौरी-गणपतीत मुकादम उचल वाटायला आले. उचल नवऱ्याच्या हाती पडते, वहीत नावही त्याचंच. बाई म्हणजे कोयत्याचा अर्धा भाग, पण कागदावर ती नसतेच. आमच्यातल्या तिघींनी विचारलं, "आमचं नाव कुठंय वहीत?" हे वाक्य आम्ही डावात वीसेक वेळा बोललो होतो, म्हणून तोंडातून नीट निघालं. एका मुकादमानं नाव लिहिलं. दुसरा म्हणाला, "घरी बोलून घ्या." तिसऱ्यानं वही मिटली आणि त्या जोडप्याला उचलच दिली नाही. त्यांना दुसरी टोळी मिळेपर्यंत पंधरा दिवस गेले, आणि घरात त्या बाईला काय ऐकावं लागलं ते तुम्हाला सांगायला नको. ती अजूनही डावाला येते. आता तीच मुकादम होते, आणि आमच्यात तिच्याइतका अवघड मुकादम कुणी नाही.

टोळ्या निघेपर्यंत दर मंगळवारी दुपारी आम्ही आमच्या ओसरीवर बसतो. तुमच्या गटात मांडायचा असेल तर चार मोठे चिंचोके घ्या, ओल्या दगडावर एका बाजूनं पांढरे होईपर्यंत घासा. पट कोळशानं आखा, पुसता येतो. घरांना नावं मात्र तुमच्या कामाची द्या. वीटभट्टीवर जाणाऱ्या बायांचा पट आमच्यासारखा कसा असेल?