प्राणवायूची कोठी



आम्ही रसायनशास्त्राचे पंडित नव्हे. कामगारांत वावरताना पिंपावरची चिठ्ठी उमजावी, एवढ्यासाठी आम्ही हे शास्त्र पुस्तकांतून शिकलो. आज परक्लोरेट या क्षारांविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

क्लोरीनचा एक अणू आणि त्याभोवती प्राणवायूचे चार, ही परक्लोरेटची घडण. मिठाच्या पाण्यातून वीज खेळवून प्रथम क्लोरेट व पुढे परक्लोरेट करतात. पोटॅशियम परक्लोरेट आतषबाजीत वापरतात. अमोनियम परक्लोरेट हा मिठासारखा पांढरा क्षार. त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक प्राणवायूच असतो.

जळणाला हवा लागते, हे चूल पेटविणारी प्रत्येक माउली जाणते. पण अग्निबाण हवेच्या पलीकडे जातो; तेथे फुंकर कोण घालणार? म्हणून प्राणवायूची ही कोठी बरोबर न्यावी लागते. अमेरिकेच्या स्पेस शटल यानाला उचलणाऱ्या घन इंधनात सुमारे ७० टक्के अमोनियम परक्लोरेट, १६ टक्के ॲल्युमिनियमची पूड आणि बाकी बहुतेक रबरासारखा पदार्थ असे. आपल्याकडेही केरळात अलुवा येथे इस्रोचा हा क्षार बनविण्याचा कारखाना आहे.

थंड असताना हा क्षार मोठा शांत. पाण्यात विरघळला तर वर्षानुवर्षे तसाच राहतो. हा शांतपणाच फसवितो. ताप चढला की कोंडलेला प्राणवायू मोकळा होतो आणि शेजारचे लाकूड, तेल, प्लॅस्टिक झपाट्याने जाळतो. अमोनियम परक्लोरेटात तर थोडे इंधन घरातच असते, अमोनियमचा हायड्रोजन. तेव्हा पिंपात काय आहे एवढेच विचारून भागत नाही. शेजारी काय आहे आणि साठा किती, हेही विचारावे लागते.

अमेरिकेतील नेवाडा राज्यात, हेंडरसन येथे, पेपकॉन नावाचा कारखाना हा क्षार करीत असे. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यानाचा नाश झाला आणि उड्डाणे थांबली. मालाची उचल थांबली, उत्पादन थांबले नाही. आवारात सुमारे ४,००० टन माल साचला. तोही पुष्कळसा प्लॅस्टिकच्या पिंपांत! प्राणवायूच्या कोठीला इंधनाच्याच भिंती. ४ मे १९८८ रोजी आग लागली. स्फोटांचे धक्के भूकंपमापकांनी टिपले. दोघे ठार झाले, ३०० हून अधिक जखमी झाले, गावातील घरांच्या काचा फुटल्या. ठिणगी वेल्डिंगची की गळक्या वायूची, यावर पुढे वाद झाला. एवढा साठा तेथे होता, यावर वाद नाही.

बहुतेक कामगार वाचले. आग आवरत नाही असे दिसताच ते पळाले. माल काय आहे, हे त्यांना ठाऊक होते. मेलेल्या दोघांपैकी एक अग्निशामक दलाला टेलिफोन करण्यासाठी मागे राहिला होता.

आमचे मागणे साधे आहे. पिंपावरची सूचना कामगाराला वाचता येईल अशा भाषेत असावी. साठ्याला मर्यादा असावी. बाहेर पडण्याची वाट मोकळी असावी. आणि काचा गावाच्याही फुटतात, म्हणून गोदामात काय आहे हे विचारण्याचा हक्क गावालाही असावा. यासाठी नवे शास्त्र शोधावे लागत नाही. आहे ते ज्ञान गोदामापर्यंत पोहोचवावे लागते.