गेलेल्या माणसाचा दावा कोणी लावायचा?

(पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन, जि. जालना येथे महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून तुम्ही रेशनचे, पाण्याचे, दारूचे प्रश्न मांडलेत. मला दिलेला विषय जरा जड आहे. घरातला माणूस दुसऱ्याच्या चुकीने मेला, तर भरपाई मागायची कोणी? दावा लावायचा हक्क कोणाचा?

मी हा विषय का घेतला ते आधी सांगते. गेली कितीतरी वर्षे आम्ही अशा घरांमध्ये जातो. दृश्य जवळपास सारखेच असते. दहावा झालेला नसतो. बाई कोपऱ्यात बसलेली असते. बाहेर ओट्यावर दीर, सासरा, गावातले दोन पुढारी आणि गाडीमालकाचा माणूस अशी बैठक चालू असते. मग कोणीतरी आत येऊन म्हणते, "वहिनी, इथं अंगठा द्या." कागदावर काय लिहिलंय हे तिला कोणी सांगत नाही. पुढे सहा महिन्यांनी ती आमच्याकडे येते आणि म्हणते, "ताई, पैसे आले म्हणे. मला काई ठाव नाही."

म्हणून आजचे बोलणे त्या अंगठ्याबद्दल आहे, असे समजा.

पहिली गोष्ट, मदत आणि भरपाई यातला फरक. ८ मे २०२० ची पहाट तुम्हाला आठवत असेल. टाळेबंदीत जालन्याच्या लोखंडी कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी पायी निघाले होते. थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली सोळाजण मेले. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी प्रत्येकी पाच-पाच लाख रुपये जाहीर केले. ही झाली मदत. सरकारी भाषेत सानुग्रह अनुदान. ती देणाऱ्याच्या मर्जीवर असते. रेल्वे कायद्यातली हक्काची भरपाई प्रवाशासाठी आहे, आणि हे मजूर तर पायी चालत होते. त्यांना रुळावरून चालायची वेळ कोणी आणली, हा प्रश्न मदतीच्या चेकमध्ये विचारलाच जात नाही.

भरपाई वेगळी. भरपाई म्हणजे, "तुझ्या चुकीने माझ्या घरचे माणूस गेले, त्याची जबाबदारी घे," असे कायद्याने म्हणणे. मदत मिळाली म्हणून भरपाईचा हक्क आपोआप संपत नाही. हे पक्के लक्षात ठेवा, कारण बैठकीत नेमके उलटे सांगतात: "सरकारचे मिळाले ना, आता कशाला कोर्ट?"

जुन्या इंग्रजी कायद्यात माणूस मेला की त्याचा दावाही मेला, असेच होते. आपल्याकडे १८५५ साली प्राणांतिक अपघातांचा कायदा झाला आणि तो आजही लागू आहे. त्यात कोणासाठी दावा लावता येतो? बायको, नवरा, आईबाप आणि मुले. आईबापांत आजी-आजोबा धरले आहेत, मुलांत नातवंडे आणि सावत्र मुलेही. भाऊ-बहीण त्यात नाहीत. हा दावा दिवाणी न्यायालयात जातो आणि मुदत दोन वर्षांची. भिंत पडून, विहिरीचे काम चालू असताना, निष्काळजीपणाने ठेवलेल्या यंत्रात सापडून माणूस गेले, तर हा कायदा उपयोगी पडतो. विजेच्या तारेने माणूस गेले तर आणखी एक आधार आहे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशच्या वीज मंडळाविरुद्धच्या खटल्यात सांगितले की वीज ही धोक्याची वस्तू आहे. ती पुरवणाऱ्याची चूक सिद्ध झाली नाही तरी त्याची जबाबदारी टळत नाही. तो दावा एका विधवा बाईने आणि तिच्या लेकराने लावला होता.

आपल्याकडे सगळ्यात जास्त मरणे मात्र रस्त्यावर होतात. तिथे मोटार वाहन कायदा, १९८८ लागतो. त्यात यादी नाही, 'कायदेशीर प्रतिनिधी' असा शब्द आहे आणि न्यायालयांनी त्याचा अर्थ मोठा केला आहे. १९८७ साली गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मेलेल्या मुलाच्या भावांचा दावा मान्य केला. २००७ साली लग्न झालेल्या मुलीलाही दावा लावता येतो असे म्हटले. २०२१ साली जावयाजवळ राहणाऱ्या सासूचाही हक्क मानला. म्हणजे जिचे पोट त्या माणसावर होते, तिला दारातून हाकलता येत नाही.

आता तुम्ही नेहमी विचारता ते प्रश्न घेते.

"नवऱ्याने टाकून दिले होते. मी माहेरी होते. माझा हक्क आहे का?" आहे. घटस्फोट झालेला नसेल तर तू कायद्याने त्याची बायको आहेस. टाकलेली असलीस तरी.

"मी दुसरेपणाची आहे." इथे खोटी आशा दाखवणार नाही. पहिली बायको हयात असताना झालेले लग्न हिंदू कायद्यात बेकायदा ठरते, त्यामुळे तुझा स्वतःचा हक्क वादात अडकतो. पण तुझ्या मुलांचा नाही. कायदा त्यांना औरस मानतो. त्यांची आई म्हणून त्यांच्या नावाने अर्ज कर.

"सून दुसरे लग्न करील, मग पैसे तिला कशाला?" हा प्रश्न सासवा विचारतात आणि विमा कंपन्याही विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की पुनर्विवाह केला म्हणून विधवेची अपघात भरपाई अडवता येत नाही. नवरा गेल्याचे नुकसान झाले ते झालेच. भरपाई मिळावी म्हणून तिने आयुष्यभर एकटीनेच राहावे, अशी अट कायद्यात कुठेही नाही.

पण सासवांनो, तुम्हीही ऐका. हिंदू वारसा कायद्यात मेलेल्या मुलाची आई पहिल्या वर्गाची वारस आहे. सुनेबरोबर, नातवंडांबरोबर. बाप त्या वर्गात नाही. मुलगा गेल्यावर सासू आणि सून यांना एकमेकींविरुद्ध उभे केले जाते आणि पैसा तिसराच घेऊन जातो, हे आम्ही पाहिले आहे. दोघींची नावे एकाच अर्जात घाला. कोणाला किती ते न्यायाधिकरण ठरवील.

आता उलटी बाजू. बाईच मेली तर?

हे गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. तोडणीच्या दिवसांत बाया टेम्पोत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीने उभ्या राहून जातात. ऊसतोडीलाही तशाच जातात. ट्रॉली उलटली की पहिले उत्तर येते: "मालगाडीत माणसे बसवली, विमा मिळणार नाही." त्यात काही तथ्य आहे. मालवाहू गाडीत नुसते बसवून नेलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ठरवले. पण म्हणून दावा मेला का? नाही. गाडीमालक जबाबदार राहतोच. आणि दुसऱ्या गाडीने धडक दिली असेल तर त्या गाडीच्या विमा कंपनीकडे पूर्ण हक्काने मागता येते. धडक कोणी कोणाला दिली हे पंचनाम्यात नीट लिहिले गेले पाहिजे, ते एवढ्यासाठी.

मग विचारतात, "ती काय कमवत होती? घरीच तर असायची." १९९४ मध्ये मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या तक्त्यात घरकाम करणाऱ्या बाईचे मोल नवऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांश धरले होते. जणू नवरा जास्त कमावता असला की तिच्या भाकरीचे मोल वाढते! सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात घरातल्या बाईच्या कामाचे पैशात मोल धरायला लावले. २०१० मध्ये न्यायमूर्ती गांगुली यांनी लिहिले की जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवणे हा स्त्रियांचा अपमान आहे. २०२१ मध्ये न्यायालयाने घरकामाचे उत्पन्न धरताना पुढे होऊ शकणारी वाढही धरावी असे सांगितले. तो जुना तक्ताही आता कायद्यात नाही.

हिशेब करूनच बघू. समजा, बत्तीस वर्षांची मजूर बाई, महिन्याचे उत्पन्न न्यायाधिकरणाने ९,००० रुपये धरले. चाळिशीच्या आतल्या, पगारी नसलेल्या माणसाला पुढच्या वाढीसाठी चाळीस टक्के मिळवतात. झाले १२,६००. वर्षाचे १,५१,२००. तिच्यामागे नवरा, दोन लेकरे आणि सासू अशी चार माणसे, म्हणून तिच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. उरले १,१३,४००. तिच्या वयाला १६ ने गुणतात. झाले १८,१४,४००. यावर सहवास गमावल्याचे आणि अंत्यविधीचे वेगळे. ही रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिली आहे. आणि ओट्यावरच्या बैठकीत दोन लाखांवर 'मिटवले' म्हणतात.

सासरी बाईचा संशयास्पद मृत्यू झाला तर? हुंडाबंदी कायद्यात तरतूद आहे की लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई अनैसर्गिक कारणाने मेली, तर तिचा हुंडा आणि लग्नातली भेट तिच्या मुलांना जाते आणि मूल नसेल तर तिच्या आईबापांना. आणि ज्याने खून केला त्याला तिचा वारस होता येत नाही. माहेरच्यांनो, राख सावडून परत येऊ नका. पोलीस ठाण्यातून कागद घेऊन या.

सरकारच जबाबदार असेल तेव्हाही दार बंद नाही. ओरिसात पोलिसांच्या ताब्यात मुलगा मेला, तेव्हा नीलाबती बेहेरा या आईने सर्वोच्च न्यायालयाला नुसते पत्र लिहिले. त्या पत्राचा अर्ज झाला आणि १९९३ मध्ये तिला दीड लाख भरपाई मिळाली. मुंबईत गोवंडीला डिसेंबर २०१९ मध्ये सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये प्रत्येकीला दहा लाख देण्याचा आदेश झाला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी ही रक्कम तीस लाख केली. दोन्हीकडे बाया स्वतः उभ्या राहिल्या.

आणि हक्क दुसऱ्याच्या हाती गेला की काय होते, ते भोपाळने दाखवले. १९८४ च्या वायुकांडानंतर १९८५ मध्ये कायदा करून सगळ्यांच्या वतीने दावा लावण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, ती ज्यांची माणसे मेली त्यांना न विचारता. रस्त्यावर उतरून वर्षानुवर्षे लढल्या त्या तिथल्या बायाच.

आता कामाचे बोलू.

मुदत: मोटार अपघाताचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करा. ही अट २०१९ च्या दुरुस्तीने आली, १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर बसू नका. अर्ज अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे करता येतो. नवरा पुण्याला गेला असला तरी अर्ज जालन्याच्या न्यायाधिकरणात चालतो.

गाडी पळून गेली तरी मृत्यूसाठी दोन लाख मिळतात. त्याचा अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे. चूक सिद्ध करणे शक्यच नसेल तर ठरावीक पाच लाखांचा मार्ग आहे.

कामावर असताना मृत्यू झाला तर मालकाकडून भरपाई मिळते. त्याचा १९२३ चा कायदा होता, त्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. कामावर असतानाच गाडीचा अपघात झाला तर दोन्ही मार्ग खुले असतात, पण निवडायचा एकच. म्हणून आधी हिशेब करा.

कागद: गुन्ह्याची नोंद, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, गाडीचा नंबर आणि विम्याचा कागद. अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे पाठवणे हे पोलिसांचे काम आहे. "पाठवला का?" हे ठाण्यात जाऊन विचारा. एकटी जाऊ नका, पाचजणी जा.

वकील: १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कुठल्याही बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा. त्यामुळे "निम्मे माझे" म्हणणाऱ्या दलालाची गरज नाही.

आणि पैसा. बँकेचे खाते बाईच्या एकटीच्या नावावर असू द्या. लेकरांचा हिस्सा न्यायाधिकरण मुदत ठेवीत टाकते, तेव्हा घरचे कुरकुरतात. कुरकुरू द्या. ती ठेव म्हणजे पोरीचे शिक्षण आहे.

शेवटी एकच काम तुमच्यावर सोपवते. गावात असे मरण झाले की आपण बाया जातोच, तिच्याजवळ बसतो, रडतो. तेवढ्यावर उठू नका. तेरवीपर्यंत रोज एक बाई तिच्याजवळ राहू द्या, आणि त्या बाईला वाचता येत असावे. कोणी कागद घेऊन आले तर ती म्हणेल, "आधी मोठ्याने वाचून दाखवा. मग ठरवू." एवढे एक वाक्य वेळेवर बोलले गेले, तर निम्मे दावे तिथेच वाचतील.

थांबते. आता तुमचे प्रश्न घेऊ.