एकच रिफ दोनदा वाजवा: मेटल गिटारचा जाड आवाज येतो कुठून?

आजचा एपिसोड शक्यतो इयरफोन लावून ऐका, कारण मध्येच एक छोटा प्रयोग करायला लावणार आहे.

गिटार वाजवणाऱ्या पोरापोरींकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे, "दादा, घरी रेकॉर्ड केलं की गिटार माशी घोंगावल्यासारखी वाटते. अल्बममध्ये तीच भिंतीसारखी उभी राहते. कोणता अ‍ॅम्प घेऊ?" परवा सांगलीहून असाच मेसेज आला. त्या मुलाने ४०,००० रुपये साठवलेत. बँडचा ड्रमर दोन महिन्यांनी नोकरीसाठी बाहेरगावी जाणार, आणि त्याआधी चार गाणी रेकॉर्ड करायचीत. म्हणजे पैसेही एकदाच खर्च होणार आणि वेळही एकदाच मिळणार. म्हणून म्हटलं, उत्तर नीट द्यावं.

माझं उत्तर असं: अ‍ॅम्प थांबू दे. आधी एकच रिफ दोनदा वाजवायला शीक.

आता प्रयोग. मेटालिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' लावा. आधी फक्त डावा इयरफोन ठेवून रिफ ऐका, मग फक्त उजवा. दोन्हीकडे रिदम गिटार आहे ना? ती एकच गिटार दोन्हीकडे पाठवलेली नाही. तोच भाग पुन्हा वाजवून रेकॉर्ड केलाय. हा अल्बम १९८५ मध्ये कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत, फ्लेमिंग रासमुसेनसोबत, सप्टेंबर ते डिसेंबर असे चार महिने रेकॉर्ड झाला. बँडमध्ये गिटारवाले दोन, पण रिदमचे हे थर एकट्या जेम्स हेटफिल्डने वाजवलेत. का? कारण एकाच हाताचा स्ट्रोक दोन्ही बाजूंना जुळून बसतो.

मग कॉपी-पेस्ट का नाही चालत? दोन्ही बाजूंना हुबेहूब एकच आवाज असेल तर कानाला तो मधोमध, एकच वाटतो. फक्त थोडा मोठा होतो, रुंद होत नाही. पुन्हा वाजवल्यावर पिक किंचित पुढेमागे पडतं, तार किंचित वेगळी दाबली जाते. रुंदी येते ती या बारीक फरकातून. पण फरक जास्त झाला की नुसता गोंधळ. म्हणून क्लिक लावून वाजवायचं, आणि प्रत्येक टेकआधी ट्यूनर बघायचा. हो, प्रत्येक टेकआधी!

दुसरी गोष्ट गेनची. खोलीत एकटं वाजवताना गेन फुल आणि मिड झिरो केलं की भारी वाटतं. रेकॉर्डिंगमध्ये तसं केलं की पिकचा ठोका विरघळतो, आणि दोन-चार थर एकावर एक आले की सगळं चिखल. वाटतं त्यापेक्षा कमी गेन ठेवा. जाडी थरांमधून येऊ द्या. मिड तर काढूच नका. तुमच्यातले बरेच जण मोबाइलच्या स्पीकरवर गाणी ऐकतात. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झवर वाजते, आणि तो खालचा आवाज मोबाइलचा स्पीकर जवळजवळ देतच नाही. तरी रिफ ओळखू येतो तो मिडमुळे. याच कारणाने कित्येक मेटल गिटारिस्ट अ‍ॅम्पच्या आधी हिरवं ट्यूब स्क्रीमर पेडल लावतात. त्याचा ड्राइव्ह जवळपास शून्य आणि लेव्हल वर ठेवायची. काम एकच: डिस्टॉर्शनच्या आधी खालचा फाफटपसारा कापायचा.

आता कुणीतरी म्हणेल, "दादा, स्वीडनवाल्यांचं काय?" बरोबर. एन्टोम्बडचा 'लेफ्ट हँड पाथ' १९९० मध्ये आला. रेकॉर्डिंग स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत, प्रोड्यूसर थॉमस स्कोग्सबर्ग. तिथे बॉसचं एचएम-२ पेडल, सगळे नॉब फुल! कमी गेनचा नियम त्यांनी सरळ मोडला, कारण त्यांना करवतीसारखा आवाजच हवा होता. गंमत म्हणजे बॉसने ते पेडल १९९१ मध्ये बंद केलं, आणि मागणी इतकी राहिली की २०२० मध्ये नव्याने काढलं. म्हणजे ज्या पेडलवर एक अख्खा साउंड उभा राहिला, त्याचंच दुकान कंपनीने आवरलं होतं.

तिसरी गोष्ट, बास. ज्याला आपण 'गिटारचा दणका' म्हणतो, त्यातला बराचसा बास गिटारचा असतो. पटत नसेल तर मेटालिकाचाच १९८८ चा 'अँड जस्टिस फॉर ऑल' ऐका. त्यात बास जवळजवळ ऐकूच येत नाही. गिटार धारदार आहे, पण मला ती खालून पोकळ वाटते. म्हणून बासला जागा द्या. मिक्समध्ये गिटारचा ८०-१०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाका.

आणि अ‍ॅम्पला माइक लावणार असाल तर शुअर एसएम५७ पुरतो. स्पीकरच्या अगदी मध्यावर आवाज टोचरा, कडेकडे सरकवाल तसा मऊ. दोन सेंटीमीटर सरकवून पुन्हा ऐका. नवा अ‍ॅम्प घेतल्याइतका फरक पडतो, फुकटात.

तर सांगलीच्या मित्रा, तुझ्यासाठी क्रम असा. ड्रमर जाणार आहे, गिटार नाही. म्हणून मोठा खर्च ड्रमवर कर: चांगल्या स्टुडिओत दोन दिवस, क्लिकवर, सोबत कच्ची गिटार. उरलेल्या पैशात साधा ऑडिओ इंटरफेस आणि नव्या तारा. गिटार नंतर घरी निवांत वाजव, आणि डिस्टॉर्शनशिवायचा कोरा सिग्नल नक्की साठव. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर फुकट आहे. त्यात आज एक टोन लाव, सहा महिन्यांनी आवडला नाही तर तोच टेक दुसऱ्या अ‍ॅम्पमधून काढ. वाजवणं पक्कं असेल तर टोन कधीही बदलता येतो. उलटं होत नाही.

बाकीच्यांना गृहपाठ: आवडता एक रिफ, क्लिकवर, दोनदा. एक डावीकडे, एक उजवीकडे. जमला की मला पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये दोन-तीन वाजवून दाखवू. पुढच्या वेळी बोलू डबल बास ड्रमबद्दल. तोवर तारा बदला, आणि शेजाऱ्यांना सांभाळा!