थोरलीचे बालपण
(पालक मेळाव्यातील भाषण)



कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळी नदीच्या काठी गार्डन रीच हा भाग वसलेला आहे. जहाजबांधणीचा कारखाना, जवळच मटियाबुर्ज येथील शिंप्यांची वस्ती आणि दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय ही त्याची ओळख. ही रेल्वे १९५५ मध्ये अस्तित्वात आली आणि २००३ पर्यंत नागपूर विभाग तिच्याच अखत्यारीत होता. त्यामुळे वरिष्ठ कार्यालयाचा पत्ता म्हणून गार्डन रीच हे नाव विदर्भातील रेल्वे वसाहतींना परके नव्हते.

१९९० च्या सुमारास तेथील कार्यालयात नोकरी करणारी एखादी मराठी आई डोळ्यांसमोर आणावी. माहेर आणि सासर दोन्ही नागपूरकडे. हाकेच्या अंतरावर आजी नाही, आत्या नाही. घरी आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. दुपारी मुलांजवळ एक प्रेमळ बंगाली बाई असते. तिला सगळे ‘माशी’ म्हणतात, म्हणून धाकट्याला खुदकन हसू येते. तेव्हा थोरली त्याला गंभीरपणे समजावते, “अरे, इथं मावशीला माशी म्हणतात.” दोन भाषांमधला हा पूल आईने बांधलेला नसतो. ती कचेरीत असताना तो भावंडांनीच बांधलेला असतो.

नोकरी करणाऱ्या आईच्या मनाला एक रुखरुख सतत लागलेली असते. मुलांचे वाढणे आपल्या नजरेआड चालले आहे, पहिले पाऊल, पहिला शब्द दुसऱ्याच कोणी पाहिला, असे तिला वाटत राहते. परंतु दोन मुले एकत्र वाढतात तेव्हा ती एकमेकांनाही वाढवीत असतात. धाकटा ताईचे पाहून जेवायला शिकतो, तिचे ऐकून गोष्ट सांगू लागतो. थोरली त्याला शिकविता शिकविता स्वतःचे ज्ञान पक्के करते. एका संदेशाचे दोन तुकडे करताना मोठा तुकडा कोणाला द्यावा, हा प्रश्न ती दोघे रोज नव्याने सोडवितात. न्यायबुद्धीचा पहिला धडा तो हाच.

मात्र या सुखद चित्राला दुसरी बाजू आहे. एका संध्याकाळी आई उंबरठ्यावर येते, तोच आतून आवाज ऐकू येतो, “हात धुतल्याशिवाय ताटावर बसायचं नाही, सांगून ठेवते!” शब्द आईचे, सूरही आईचाच, बोलणारी मात्र आठ वर्षांची. आईला प्रथम कौतुक वाटते. मग तिचे लक्ष खिडकीकडे जाते. खाली मैदानात मुलीच्या मैत्रिणी खेळत असतात. “तू नाही गेलीस?” असे विचारताच उत्तर येते, “हा झोपला होता ना.” तक्रारीचा लवलेशही त्या उत्तरात नसतो. आईच्या मनाला चटका बसतो तो त्यामुळेच. शहाणी, समजूतदार म्हणून जिचे कौतुक केले, तिचे खेळायचे वय त्या कौतुकाखाली हळूहळू दबत चालले होते.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. मोठी मुले शाळेत येत नाहीत, कारण आईबाप कामावर गेल्यावर धाकट्या भावंडांना तीच सांभाळतात, हे त्या कार्यात दिसून आले. त्यावर त्या मुलांना दोष दिला गेला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्याचा मार्ग शोधला गेला. पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने ही वाट विस्तारली. थोरल्याचे बालपण वाचवायचे, तर धाकट्याची व्यवस्था मोठ्यांनी केली पाहिजे, हा त्यातील बोध.

कायद्यानेही हळूहळू काही पावले टाकली. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून दोन अपत्यांपर्यंत, संपूर्ण सेवेत मिळून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू लागली. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा मिळाली. गार्डन रीचच्या त्या आईला यांपैकी काहीच लाभले नव्हते. पण रजेने वेळ मिळतो; त्या वेळात कोणाकडे पाहावे, हे कोणताही कायदा सांगत नाही.

त्या आईने केले ते अगदी साधे. दुपारच्या झोपेनंतर धाकट्याला माशीने सांभाळायचे आणि थोरलीने खेळायला जायचे, असे तिने ठरवून दिले. मुलांचे वडील लवकर आले, तर ही जबाबदारी त्यांची. दुसरा बदल तिने स्वतःत केला. कामावरून येताच ती रोज मुलीला विचारीत असे, “बाळ जेवला का?” आता तिने प्रथम विचारले, “आज तू काय खेळलीस?”

पहिल्या दिवशी मुलगी गोंधळली, क्षणभर गप्प राहिली. मग लगोरीचा सारा डाव तिने हातवारे करून सांगितला. सांगता सांगता तिला ठसका लागला, तेव्हा धाकटा उठला आणि दोन्ही हातांनी पेला सांभाळीत ताईसाठी पाणी घेऊन आला. अर्धे पाणी वाटेत सांडले होते. आईने ते पुसले नाही. ती पाहत राहिली.