संशय आणि पुरावा



‘संशयित’ हा शब्द एखाद्या घराचं काय करतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणूनच आज एका दूरच्या निवडणुकीबद्दल बोलणार आहे.

२०१६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. रशिया तीत ढवळाढवळ करतोय आणि ट्रम्प यांच्या प्रचारातली माणसं त्याला सामील आहेत, असा संशय होता. एफबीआयनं तपास सुरू केला. ऑक्टोबरमध्ये कार्टर पेज या प्रचारातल्या माजी सल्लागारावर पाळत ठेवायची परवानगी एका गुप्त न्यायालयाकडून घेतली. पुढे तिला तीनदा मुदतवाढ मिळाली. या न्यायालयात पाळत असलेल्या माणसाला बाजू मांडता येत नाही. न्यायाधीशासमोर असतात फक्त तपास यंत्रणेचे कागद. ते खरे असणं, एवढाच त्याचा बचाव.

ते खरे होते का? न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनी डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला. चार अर्जांत १७ गंभीर चुका सापडल्या. विरोधकांच्या पैशातून गोळा झालेली, पडताळणी न झालेली माहिती वापरली होती. पेज यांच्या बाजूची माहिती गाळली होती. पेज यांनी पूर्वी सीआयएला माहिती दिली होती. ते झाकलं जाईल असा बदल एफबीआयच्या एका वकिलानं ईमेलमध्ये केला. २०२० मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला. पेज यांच्यावर कधीच खटला भरला गेला नाही.

मग सगळा बनावच होता का? नाही. तपास सुरू करायला पुरेसं कारण होतं, असं हाच अहवाल सांगतो. रॉबर्ट म्यूलर यांच्या २०१९ च्या अहवालानुसार रशियाचा हस्तक्षेप खरा आणि पद्धतशीर होता. प्रचारातल्या लोकांनी रशियाशी कट केल्याचं मात्र सिद्ध झालं नाही.

तिथल्या अनेकांनी यातलं सोयीचं तेवढंच उचललं. आपणही तेच करतो. निकाल आवडला नाही की आलेला मेसेज पुढे ढकलतो. शंका जरूर घ्या. पण ती तपासा. मतदान केंद्रावर किती मतं नोंदली गेली, हे सांगणारा फॉर्म १७-सी उमेदवाराच्या प्रतिनिधीला मिळतो. तो पाहा, मोजणीशी ताडून बघा.

आपल्या मोहल्ल्यातला मुलगा उचलला गेला की आपण विचारतो, “पुरावा कुठाय?” हाच प्रश्न आपल्याला न आवडणाऱ्या माणसासाठीही विचारायला शिका.