रक्तवाहिन्यांचा दाह

शरीरांतील रक्त ज्या नळ्यांतून वाहतें, त्या घरांतील पाण्याच्या नळांसारख्या निर्जीव नसतात. त्यांची भिंत सजीव असते. ती आकुंचन पावते, प्रसरण पावते आणि प्रसंगीं तिलाही रोग जडतो. रोगजंतूंशीं लढण्यासाठीं शरीरानें बाळगलेलें सैन्य कधीं कधीं आपल्याच भिंतींवर चाल करून जातें. भिंत सुजून वाट अरुंद झाली म्हणजे पुढील अवयवाची उपासमार होते. भिंत दुबळी झाली म्हणजे तेथें फुगा येतो किंवा रक्त बाहेर झिरपतें. हाच रक्तवाहिनीदाह. हा एक रोग नसून रोगांचें मोठें कुटुंब आहे, आणि कोणत्या आकाराची वाहिनी सुजली यावरून त्याचे मुख्य भेद करतात.

मोठ्या रोहिण्यांच्या एका दाहास ताकायासू यांचें नांव मिळालें आहे. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रवैद्यांनीं १९०८ सालीं एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांची विलक्षण रचना वर्णिली होती. हा रोग मुख्यत्वें चाळिशीच्या आंतील स्त्रियांना होतो, आणि युरोपपेक्षां जपान व भारत या देशांत अधिक आढळतो. प्रारंभीं बारीक ताप, थकवा आणि घटतें वजन एवढेंच दिसतें. पुढें वेणी घालतांना किंवा कपडे वाळत घालतांना हात लवकर भरून येतो, आणि एका मनगटाची नाडी मंद लागते किंवा लागतच नाहीं. अशा हातावर मोजलेला रक्तदाब खऱ्याहून कमी भरतो व फसवतो. म्हणून तरुण स्त्रीचा रक्तदाब एकदां तरी दोन्ही हातांवर मोजून पाहावा.

दुसरा दाह पन्नाशीनंतरचा. कधीं न दुखणारें डोकें कानशिलापाशीं दुखूं लागतें, फणी लावली तरी टाळू हुळहुळते, घास चावतां चावतां जबडा दुखून थांबावें लागतें, आणि एखादे वेळीं डोळ्यापुढें क्षणभर पडदा येतो. आपल्याकडे हा रोग विरळ असल्यामुळें कोणी त्यास अर्धशिशी समजतात, कोणी चष्म्याचा नंबर बदलला म्हणतात. परंतु या रोगांत गेलेली दृष्टि बहुधा परत येत नाहीं. यास्तव शंका बळकट असली कीं डॉक्टर त्याच दिवशीं स्टेरॉइड सुरू करतात. कानशिलाच्या रोहिणीचा तुकडा तपासण्याचें काम मागून होतें.

मध्यम वाहिन्यांचा दाह लहान मुलांच्या वाट्यास येतो. तोमिसाकू कावासाकी यांनीं १९६७ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. बहुतेक रोगी पांच वर्षांच्या आंतले असतात. पांच दिवस वा अधिक ताप, चिपडांवांचून लाल झालेले डोळे, फुटलेले ओठ, लालभडक जीभ, अंगावर पुरळ, सुजलेले तळहात-तळपाय आणि मानेंत गांठ, अशीं याचीं लक्षणें. गोंवर समजून स्वस्थ बसल्यास सुमारें चौथ्या हिश्शाच्या मुलांत हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या फुगतात. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत शिरेंतून इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास हें प्रमाण शेंकडा पांचाच्या आसपास येतें. त्याबरोबर ॲस्पिरिनही देतात. मात्र तें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, घरच्या घरीं कदापि नव्हे.

बारीक वाहिन्यांच्या दाहांचे प्रकार अनेक. मुलांच्या पायांवर जांभळे, किंचित् उंच, दाबले तरी न विरणारे डाग उठतात. सांधे व पोट दुखतें. हा प्रकार बहुधा कांहीं आठवड्यांत आपोआप ओसरतो, पण मूत्रपिंडावर आघात झाला नाहीं ना, हें पाहण्यासाठीं पुढें कित्येक महिने लघवी तपासावी लागते. प्रौढांतील एक प्रकार अधिक कपटी आहे. नाकांत रक्ताळलेल्या खपल्या, न हटणारी सर्दी, मग खोकल्यांतून रक्त आणि निमूटपणें निकामी होणारीं मूत्रपिंडें, असा त्याचा क्रम असूं शकतो. उपचार नव्हते तेव्हां हा रोग बहुधा कांहीं महिन्यांतच प्राण घेई; आज स्टेरॉइडच्या जोडीला सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटुक्सिमॅब देऊन बहुसंख्य रोग्यांना वांचवितां येतें.

या सर्वांची ओळख पटविणारी एकच परीक्षा नाहीं. रक्त, लघवी, वाहिन्यांचीं चित्रें आणि जरूर तर अवयवाचा तुकडा, अशी सगळी साक्ष गोळा करावी लागते. स्टेरॉइड हें तारक खरें, पण दुधारी. त्यानें साखर वाढते, हाडें ठिसूळ होतात आणि सुप्त क्षय जागा होऊं शकतो; म्हणून उपचारापूर्वीं क्षयाची तपासणी करून घेतात. तसेंच बरें वाटूं लागलें म्हणून दीर्घकाळ घेतलेलें हें औषध एकदम बंद करणें जिवावर बेतूं शकतें. डॉक्टर तें पायरीपायरीनें उतरवितात.

एका लक्षणानें घाबरूं नये, हें खरें. ताप येतो, डोकें दुखतें, अंगावर पुरळ उठतें. बहुतेक वेळां त्याचें कारण साधेंच असतें. परंतु न हटणारा ताप आणि घटतें वजन यांच्या सोबतीला डोळा, नाडी, त्वचा किंवा लघवी यांपैकीं कांहीं बिघडलें, तर हीं सर्व लक्षणें तारखांसह एका कागदावर टिपून एकाच डॉक्टरांपुढें ठेवावीं. आजीची दृष्टि, नातवाचें हृदय किंवा लेकीचा हात वांचविण्याचें निम्में काम तो कागदच करून जातो.