अणुअपघाताचा भुर्दंड कोणी सोसावा?



अणुशक्तीचा विषय निघाला की बोलणे बहुधा भयाकडे तरी वळते, नाही तर वैभवाकडे तरी. आज आम्ही ह्या दोन्ही वाटा सोडून एक रुक्ष प्रश्न आपणापुढे ठेवणार आहो : अणुभट्टीला अपघात झाला, तर मागच्या सफाईचे पैसे कोणाच्या खिशातून जातात? प्रश्न जमाखर्चाचा वाटेल. पण न्यायअन्यायाचा निवाडा पुष्कळदा जमाखर्चाच्या वहीतच होत असतो.

उदाहरण घेऊ अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचे. सस्क्वेहॅना नदीतील थ्री माइल आयलंड नावाच्या बेटावर दोन अणुभट्ट्या होत्या. त्यांतली दुसरी 1978 च्या डिसेंबरअखेर रीतसर वीज देऊ लागली आणि तीनच महिन्यांनी, 28 मार्च 1979 च्या पहाटे, तिची एक झडप उघडी अडकून राहिली. आतले पाणी निघून जात राहिले, आणि इंधनाचा जवळजवळ अर्धा गाभा वितळला. बाहेर पडलेला किरणोत्सर्ग सुदैवाने थोडा होता.

आता वही उघडू. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नुकसानीची तजवीज आधीच होती. 1957 च्या प्राइस-अँडरसन कायद्याने कंपनीला विमा सक्तीचा केला होता, आणि तिच्या जबाबदारीला 56 कोटी डॉलरांची मर्यादाही घातली होती. म्हणून अपघातानंतर थोड्याच दिवसांत विमा कंपन्यांनी हॅरिसबर्ग शहरात कचेरी उघडली, आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया घेऊन बाहेरगावी गेलेल्या कुटुंबांना खर्चासाठी रोख रक्कम दिली. पुढे 1981 साली अडीच कोटी डॉलरांची तडजोड झाली. त्यांतले 50 लाख लोकांच्या आरोग्यविषयक कामासाठी राखून ठेवले होते. मात्र मर्यादेबाहेर नुकसान गेले असते, तर पुढचे काँग्रेस पाहील, एवढेच काय ते आश्वासन होते.

पण खुद्द भट्टीचे काय? हा कायदा शेजाऱ्यांसाठी होता. कंपनीच्या आवारातील सफाई त्यात येत नव्हती. मालमत्तेचा विमा होता 30 कोटींचा, आणि सफाईचा खर्च गेला शंभर कोटींच्या घरात. त्यातच कंपनीची मिळकत आटली. शेजारची धडधाकट भट्टीही 1985 पर्यंत बंद राहिली. ग्राहकांसाठी वीज बाहेरून विकत घ्यावी लागली. कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. बरे, काम तसेच टाकून द्यावे म्हटले, तर नदीच्या मधोमध किरणोत्सर्गी पाणी साठलेले! थांबणेही धोक्याचे, आणि पुढे जायला पैसा नाही.

शेवटी 1981 साली गव्हर्नर थॉर्नबर्ग ह्यांनी वाटणीची योजना मांडली. कंपनी व तिचे ग्राहक, इतर अणुवीज कंपन्या, केंद्र सरकार, पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी ही राज्ये, सर्वांनी भार उचलावा, अशी ती होती. बिघडलेले इंधन काढण्यास 1985 साली आरंभ झाला. शेवटचे पाणी आटवून होईपर्यंत 1993 उजाडले. ज्याने कधी त्या कंपनीचा दिवा लावला नाही, त्यानेही कररूपाने हातभार लावला.

ह्यातून अमेरिका एक गोष्ट शिकली. 1980 साली वीज कंपन्यांनी आपसांत एक परस्पर विमा संस्था काढली. पुढे नियामकांनी प्रत्येक केंद्राला 106 कोटी डॉलरांपर्यंतचा मालमत्ता विमा आवश्यक केला, आणि वर अट घातली की, विम्याचा पैसा आधी भट्टी सुरक्षित करण्यास व सफाईस लागावा. सावकारांचा नंबर त्यानंतर. ही अट आम्हांस रकमेहूनही मोलाची वाटते.

जपानचा मार्ग वेगळा. तेथील 1961 च्या कायद्याने चालकाची जबाबदारी अमर्याद ठेवली, पण आधी तरतूद करून ठेवायची ती एका केंद्रामागे फक्त 12 हजार कोटी येनांची. 2011 साली फुकुशिमा घडले. 2016 च्या सरकारी अंदाजाने एकूण खर्च साडेएकवीस लाख कोटी येन होता, म्हणजे तरतुदीच्या सुमारे 180 पट! 2012 सालीच सरकारला कंपनीचे बहुसंख्य भाग घ्यावे लागले होते. कागदावर जबाबदारी अमर्याद असली, तरी थैलीला तळ असतोच.

आपल्या तारापूरला 1969 पासून अणुवीज निर्माण होत आहे. 2010 च्या कायद्याने आपण चालकाची जबाबदारी 1500 कोटी रुपयांवर बांधली. तेवढ्याच रकमेचा विमा-निधी 2015 साली उभा राहिला. आणि 2025 च्या अखेरीस संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. कायदे बदलतील, आकडे बदलतील. पण नागरिकांनी तीन प्रश्न विचारणे सोडू नये : शेजाऱ्यासाठी किती ठेवले आहे? सफाईसाठी वेगळे किती? आणि ते आज जमा आहे, की उद्या कोणाकडे तरी मागायचे आहे?

अपघातानंतर जमवलेली वर्गणी ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडूनच वसूल होते. म्हणून हा हिशेब भट्टी पेटवण्यापूर्वी मांडला पाहिजे.